मांडवभर वेल, पण घड नाही: गोव्यातल्या द्राक्षवेलीची छाटणी कुठे चुकते

फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठेही जा, परसात किंवा गच्चीवर एखादी द्राक्षवेल हल्ली हमखास दिसते. नाशिकहून काडी आणलेली असते, नाहीतर प्रदर्शनातून रोप घेतलेले असते. माझी सासुरवाडी सांगली जिल्ह्यातल्या तासगावकडची आणि मेव्हण्यांची द्राक्षबाग, त्यामुळे ‘भाऊ, जरा कात्री घेऊन येऊन जाशील?’ असा फोन मला नेहमीचा. बहुतेक ठिकाणी दोष तोच निघतो, म्हणून एकदाचे सगळे लिहून ठेवतो.

लक्षणे

यातले तुमच्याकडे काय दिसते ते आधी नक्की करा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

– वेल मांडवभर पसरली आहे, पाने तळहाताहून मोठी, पण तीन-चार वर्षांत घड म्हणून नाही.
– घड लागतात ते मांडवाच्या अगदी कडेला, बहुधा शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे. खोडाजवळचा भाग नुसता लाकडाचा.
– छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर बारीक हिरवा घड दिसतो आणि आठ-पंधरा दिवसांत त्याची बाळी, म्हणजे वेलीचा आधार धरणारा तंतू, होऊन ती तारेला विळखा घालते. बागायतदार याला घड जिरणे म्हणतात.
– छाटल्यावर काडीच्या टोकाचे एक-दोन डोळे (जिथून नवी फूट निघते त्या जागा) फुटतात, खालचे ढिम्म.
– घड चांगले लागतात, पण मे महिन्यात पिकायला येतात आणि वळवाच्या पहिल्या सरीला मणी तडकतात.
– पावसाळ्यात पानांना भोके, कोवळ्या काड्यांवर काळपट खड्डे, आणि चतुर्थीपर्यंत निम्मी वेल उघडी.

‘काल घड होते, आज नाहीत’ ही तक्रारही येते. तिचा छाटणीशी संबंध नाही. वटवाघळे, बुलबुल आणि काही गावांत माकडे. जाळी लावा.

कात्री हातात घेण्याआधी

फेब्रुवारीत जो घड तुम्ही तोडता तो आदल्या मे महिन्यातच ठरलेला असतो. ऑक्टोबरच्या छाटणीने घड तयार होत नाही, काडीत आधीच तयार असलेला घड बाहेर येतो, एवढेच.

काडीवरच्या प्रत्येक डोळ्यात सुरुवातीला एक सूक्ष्म ठिपका तयार होतो. त्याचा घड व्हायचा की बाळी, हे तेव्हा ठरलेले नसते. डोळ्यावर ऊन पडले, काडीत अन्नसाठा झाला, पाणी बेताचे राहिले तर घड. सावली, ढगाळ हवा, नत्राचा जोर आणि पाण्याची चंगळ असेल तर बाळी. महाराष्ट्रातल्या बागांत एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (काडी तयार करण्यासाठी केलेली छाटणी) साधारण ४० ते ७० दिवसांच्या दरम्यान हा निर्णय होतो. त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. खालच्या सगळ्या तपासण्यांचे मूळ यातच आहे.

पहिली तपासणी: वेल आली कुठून? (खर्च शून्य)

काडी लावून केलेल्या वेलीला फळ यायला दुसरे-तिसरे वर्ष उजाडते. पहिले वर्ष खोड आणि ओलांडे (मांडवावर आडव्या पसरलेल्या कायमच्या फांद्या) घडवण्याचे. वेल दीड वर्षाची असेल आणि घड नसेल तर दोष काहीच नाही, थांबा.

बाजारातली काळी द्राक्षे खाऊन टाकलेल्या बीपासून उगवलेली वेल असेल तर गोष्ट वेगळी. बीची वेल आईसारखी निघेलच असे नाही आणि फळावर यायला फार वेळ घेते. अशी वेल सावलीसाठी ठेवायची असेल तर ठेवा, फळासाठी नवीन रोप आणा.

तिसरी शक्यता सगळ्यांत जास्त नजरेतून सुटते. रोपवाटिकेतून आणलेले कलमी रोप असेल तर खालचा खुंट, म्हणजे मुळांचा भाग, बहुधा डॉगरिज या जातीचा असतो. कलम वर मरते, खालून खुंट फुटतो आणि मालक वर्षानुवर्षे त्याच खुंटाला शेणखत घालत बसतो. डॉगरिज जोरात वाढतो, पण खाण्याजोगी द्राक्षे देत नाही. मुख्य फांदी हाताने मागे मागे मातीपर्यंत तपासा. ती कलमाच्या गाठीखालून निघाली असेल आणि पान गोलसर, फारशा खाचा नसलेले असेल, तर तो खुंट आहे. थॉमसन, सोनाका किंवा शरद या खाण्याच्या जातींच्या पानाला खाचा स्पष्ट असतात. गाठीवरचा भाग जिवंत असेल तर खुंटाची फूट मुळापासून काढा. वरचे मेलेच असेल तर पुन्हा कलम करावे लागेल, त्याबद्दल शेवटी.

दुसरी तपासणी: ऊन (हाही खर्च शून्य)

दुपारी बारा वाजता मांडवाखाली जाऊन उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे विखुरलेले दिसले पाहिजेत. गारेगार अंधार असेल तर वरची पाने ऊन खातात आणि आतल्या काड्यांचे डोळे सावलीत वांझ राहतात. घर थंड ठेवायला ही वेल उत्तम, द्राक्षांसाठी नाही.

आपल्याकडे माड, फणस, आंबा घराला लागूनच असतात. दिवसातून सहा-सात तास थेट ऊन नसेल तर पुढचे सगळे वाचूनही उपयोग नाही. वेल हलवता येत नसेल तर माडाखालच्या मिरवेलीकडे लक्ष द्या, ती सावलीत खूश असते.

आणखी एक खास गोव्याची सवय: मे संपता संपता गच्चीवर निळी ताडपत्री बांधायची. मांडव तिच्याखाली आला की घडनिर्मितीचे शेवटचे दिवस निळ्या अंधारात जातात. पावसाचे आच्छादन हवेच असेल तर ते पारदर्शक असावे, वेलीपासून दोन-तीन फूट उंच असावे आणि बाजूंनी वारा खेळता राहावा. नाशिक-सांगलीकडे हल्ली बागांवर प्लास्टिक घालतात, तेही असेच मोकळे असते.

तिसरी तपासणी: छाटणीच्या तारखा

कॅलेंडर काढा आणि गेल्या वर्षी वेल कधी कापली ते आठवा. ‘कापलीच नाही’, ‘जानेवारीत कापली, व्हिडिओत तसे सांगितले होते’ आणि ‘एप्रिलच्या शेवटी’ ही तीन उत्तरे मला सगळ्यांत जास्त मिळतात.

थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने टाकून झोपते, म्हणून तिथे वर्षातून एकच छाटणी, तीही झोपेत असताना. तिथले व्हिडिओ तिथल्यासाठी बरोबर आहेत. आपल्याकडे वेल झोपत नाही. तिला ऋतूचा हिशेब कात्रीनेच द्यावा लागतो, म्हणून महाराष्ट्रात वर्षाला दोन छाटण्या आणि एक पीक अशी पद्धत बसली. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात तर दोन वर्षांत पाच पिके घेतात. पद्धत हवामानाप्रमाणे बदलते, आणि गोव्यात आपण नाशिकची तारीख जशीच्या तशी उचलतो, तिथेच फसतो.

हिशेब करून पाहा. २५ एप्रिलला खरड छाटणी केली तर चाळिसावा दिवस येतो ४ जूनला आणि सत्तरावा ४ जुलैला. तासगावात हा काळ वळवानंतरच्या उघडिपीचा आणि तुरळक सरींचा असतो. तिथे वर्षाचा सगळा पाऊस गोव्याच्या पाव भागाएवढासुद्धा नाही. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ बंद होते ते होतेच. म्हणजे डोळ्यात घड ठरण्याचे नेमके महिनाभर वेल ढगाखाली. ऑक्टोबरमध्ये कशीही कापा, आत घड नाहीच.

तीच छाटणी २५ मार्चला करा. चाळिसावा दिवस ४ मे, सत्तरावा ३ जून. सगळा काळ रखरखीत उन्हात. म्हणून माझे गोव्यापुरते मत ठाम आहे: खरड छाटणी मार्चच्या उत्तरार्धात, फार तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाडव्याच्या आगेमागे उरकून टाकायची. वेलीवर पीक नसेल, आणि तक्रारच ती आहे, तर थांबायचे कशासाठी? मार्च लागला की कापा.

मागून मोजत आलात तर गोडी छाटणीची तारीखही मिळते. गोडी छाटणीपासून फळ तयार व्हायला साधारण १२० ते १३० दिवस लागतात, जातीप्रमाणे थोडे कमी-जास्त. फळ काढल्यावर वेलीला दोन-तीन आठवडे विश्रांती हवी. म्हणजे फळ फेब्रुवारी-अखेरपर्यंत निघाले पाहिजे आणि त्यासाठी गोडी छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर. त्याआधी पाऊस मागे लागलेला असतो, कोवळी फूट केवड्याने (ओल्या हवेतल्या बुरशीरोगाने) जाते. दसऱ्यानंतर आभाळ चार-पाच दिवस सलग कोरडे राहिले की कापायची. दिवाळीच्याही पुढे ढकललीत तर फळ मार्चच्या मध्याशी जाते, खरड छाटणी मागे पडते आणि पुढच्या वर्षी पुन्हा पानेच पाने. डिसेंबर-जानेवारीत कापणाऱ्यांचे मणी मेमध्ये तडकतात, तेही याच कारणाने.

माटोळीला (चतुर्थीत गणपतीवर बांधतात त्या फळांच्या आराशीला) घरचा घड बांधायची हौस मला पुष्कळ जणांनी बोलून दाखवली आहे. भाद्रपदात पिकवायचे तर फूल आणि मणी दोन्ही भर पावसात येतील. हे होणे नाही.

हे जुलैत वाचत असाल तर मोठी कापाकापी करू नका. दाटलेल्या फुटी विरळ करा, रोगाकडे बघा (सातवी तपासणी), आणि ऑक्टोबरची वाट पाहा.

चौथी तपासणी: कात्री कुठे लागली ते बघा

तारखा बरोबर असूनही घड नसेल तर बोटाने डोळे मोजा.

खरड छाटणीत ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक, फार तर दोन डोळे राखून कापायची. बघणाऱ्याच्या छातीत धस्स होते, मांडव उघडा पडतो, पण दया दाखवू नका. न छाटलेल्या वेलीत टोकाचा डोळा आधी फुटतो, म्हणून फळाची काडी दरवर्षी दोन-चार फूट पुढे सरकते आणि घड शेजाऱ्याकडे जातात. खरड छाटणी तिला ओढून ओलांड्याजवळ आणते. कापल्या जागेतून पाणी ठिबकते, त्यावर हळद, शेण वगैरे थापायची गरज नाही, ते आपोआप थांबते. उघडे पडलेले ओलांडे एप्रिलच्या उन्हात तापतात आणि फूट एकसारखी येत नाही, म्हणून डोळे फुगेपर्यंत सकाळ-दुपार पाइपने ओलांड्यावर पाणी मारा.

गोडी छाटणीत उलटे. इथे किती डोळे राखायचे ते जातीवर आहे. बंगलोर ब्ल्यू ही काळी, बियांची, जरा आंबूस वासाची जात काडीच्या बुडाकडच्या डोळ्यांतही घड देते, तिला दोन-तीन डोळ्यांवर कापले तरी चालते. थॉमसन आणि तिच्या जातकुळीतल्या तास-ए-गणेश, सोनाका यांच्या बुडाचे डोळे बहुधा वांझ. सरळ काडीवर घड सहाव्या-सातव्या डोळ्याच्या आसपास बसलेले असतात. ऑक्टोबरमध्येही दोन डोळ्यांवर ‘साफ’ करून टाकणारा माळी थॉमसनचे सगळे पीक टोपलीत भरून उकिरड्यावर नेतो. गोव्यात मी पाहिलेल्या ‘वांझ’ वेलींत तारखांच्या खालोखाल हेच कारण असते.

मग सगळेच लांब ठेवावे का? तेही नाही. जास्त डोळे म्हणजे जास्त फुटी, जास्त घड, पण प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी. मणी बारीक, आंबट, आणि काडी थकल्यामुळे पुढच्या वर्षी खाडा. फार आखूड कापले तर फुटी मोजक्या पण माजलेल्या, पाने मोठी, घड नाही. छाटणी म्हणजे वेलीची वाढ आणि फळ यांच्यातली वाटणी. बागेत एका घडामागे १२ ते १५ पाने धरतात आणि निर्यातीच्या बागेत साधारण दीड चौरस फुटाला एक घड राखतात. घरी एवढे काटेकोर नको, पण दहा बाय दहाच्या मांडवावर शंभर घड लटकवून गोडीची अपेक्षा धरू नका. पहिल्या पिकाला तर एका फुटीवर एकच घड, बाकीचे काढून टाका.

जात माहीत नाही, आणि गोव्यात दहापैकी आठ जणांना ती माहीत नसते, तर एक स्वस्त प्रयोग करा. ऑक्टोबरमध्ये सगळ्या काड्या एकसारख्या कापू नका. काही तीन डोळ्यांवर कापून लाल दोरा बांधा, काही सहावर कापून पांढरा, काही नऊवर कापून पिवळा. तीन आठवड्यांनी मांडवाखाली उभे राहून कोणत्या रंगाच्या काडीवर, बुडापासून कितव्या डोळ्यातून घड आला ते लिहून ठेवा. लालवर घड असतील तर तुमची वेल आखूड छाटणीची. पांढऱ्या-पिवळ्यावर असतील तर लांब छाटणीची. तिन्हींवर कुठेच नसेल तर दोष ऑक्टोबरच्या कात्रीचा नाही, मागच्या उन्हाळ्याचा. एवढे एक कोडे सुटले की पुढचे पैसे वाचतात.

पाचवी तपासणी: काडी हातात घ्या

सप्टेंबरच्या शेवटी काडी तपकिरी, टणक आणि शिसपेन्सिलीएवढी, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर जाड हवी. त्याहून बारीक काडीत साठा नसतो. अंगठ्याएवढी जाड, लांब पेरांची काडी दिसायला पहिलवान, पण तिचे डोळे बहुतेक रिकामे. आणि काडी अजून हिरवी असेल तर ती पिकलेलीच नाही.

माजलेल्या काडीचे कारण बहुतेक घरी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी सापडते. मासळी धुतलेले पाणी, तांदळाचे पाणी, भांड्यांचे पाणी, सगळे रोज वेलीच्या बुडाशी. वर शेणखत. नत्र आणि ओलावा दोन्ही भरपूर मिळाल्यावर वेल फळाचा विचार कशाला करील? मे महिन्यात हे सगळे बंद. खरड छाटणीनंतर फुटी येईपर्यंत पाणी मोकळ्या हाताने द्या, पण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास निम्म्यावर आणा. पान दुपारी जरा मलूल झाले तरी घाबरू नका. या टप्प्यात नत्र नको, स्फुरद आणि पालाश चालते. बागेत ००:५२:३४ फवारतात, तेच खत दुकानात लहान पुडीत मिळते, पुडीवरच्या मात्रेनेच वापरा. वाढ रोखण्याची संजीवके किंवा वाढवणारे जिबरेलिक आम्ल वगैरे घरच्या एका वेलीसाठी आणू नका. आधी पुढची तपासणी करा.

घड दिसून जिरतात त्यांनाही हेच लागू. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ढगाळ हवा, उकाडा आणि त्यात रोज भरभरून पाणी असले की आधीच अशक्त असलेला घड बाळीकडे वळतो. फूट चार-पाच पानांची होऊन घड स्पष्ट दिसेपर्यंत पाणी हात राखून.

सहावी तपासणी: शेंडा मारला का?

इथून पुढे मेहनत आहे, खर्च नाही. खरड छाटणीनंतर दहा-पंधरा दिवसांत फुटी येतात. त्या पाच-सहा पानांच्या झाल्या की चार बोटांच्या अंतरावर एक ठेवून बाकीच्या काढा. ठेवलेली फूट नऊ-दहा पानांची झाली की सात पानांवर शेंडा मारा. टोकाच्या डोळ्यातून नवी फूट निघते, ती वाढू द्या, खालच्या बगलफुटी खुडा. नवी फूट पाच-सहा पानांवर आली की तिचाही शेंडा. जिथे पहिला शेंडा मारला तिथे गाठ तयार होते. यालाच सबकेन म्हणतात. शेंडा मारल्याने रस पुढे पळायचा थांबतो, गाठीच्या आसपासचे डोळे भरतात आणि त्यांतच घड बसतात. ऑक्टोबरमध्ये गाठीच्या पुढे एक-दोन डोळे राखून कापले की झाले, मोजत बसावे लागत नाही.

थॉमसनच्या जातकुळीसाठी हे जवळजवळ सक्तीचे समजा. बंगलोर ब्ल्यूला नुसती विरळणी आणि वीतभर शेंडा मारणे पुरते.

टोकाचेच डोळे फुटतात त्यांनी गोडी छाटणीच्या दहा-बारा दिवस आधी पाणी तोडावे, पाने हाताने काढावीत आणि छाटणीनंतर काडी कमानीसारखी वाकवून तारेला बांधावी. वाकवल्याने टोकाचा वरचष्मा कमी होतो आणि मधले डोळे जागे होतात. बागांमध्ये यासाठी हायड्रोजन सायनामाइड हे रसायन काडीच्या डोळ्यांना लावतात. ते विषारी आहे, माणसाची त्वचा आणि डोळे भाजते, आणि ते हाताळण्याआधी किंवा नंतरच्या काही दिवसांत दारू पोटात गेली तर माणूस गंभीर आजारी पडतो. ‘कामानंतर थोडी फेणी’ अशी सवय असलेल्या माळ्याच्या हातात ते देऊ नका. घरच्या वेलीला त्याची गरजही नाही.

सातवी तपासणी: पावसाळ्यात पाने टिकली का?

जून ते सप्टेंबर पाने टिकली तरच काडी पिकते. करप्याने (पानांना भोके आणि काड्यांवर काळे खड्डे पाडणाऱ्या रोगाने) पाने गेली की डोळ्यात बसलेला घडही उपाशी राहतो. पाऊस सुरू होण्याआधी आणि नंतर उघडीप मिळेल तेव्हा एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: एका लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम चुना, वेगवेगळे विरघळवून, प्लास्टिकच्या बादलीत एकत्र केलेले. लोखंडी सुरीचे पाते त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, थोडा आणखी घाला, नाहीतर पाने करपतात. कुळागर (सुपारीची बाग) असलेल्यांना हे नवीन नाही. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मारणारा माणूस गावात असतोच, त्यालाच दोन पंप वेलीवर मारायला सांगा. काळे खड्डे पडलेल्या काड्या कापून जाळा, मांडवाखाली टाकू नका. फळ पिकत असताना मात्र फवारा बंद.

आठवी तपासणी: मुळे आणि माती

सगळे करूनही वेल खुरटलेली, पाने पिवळट असेल तरच इकडे या. चिऱ्याच्या जमिनीत माती उथळ आणि आंबट असते, पावसात आळ्यात पाणी साचून मुळे कुजतात. बुडाशी आळे न करता उंचवटा करा, पाणी वाहून जायला चर काढा. माती तपासल्याशिवाय चुना ओतू नका. कुंडीतली वेल असेल तर निदान दोन फूट रुंद-खोल भांडे हवे.

कुठे थांबायचे आणि कोणाला बोलवायचे

पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्वतः प्रयोग करू नका.

खोडाला भोक आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला असेल तर आत खोडकिडा आहे. औषध भोकात टाकण्याचा सल्ला कोणीही देईल, पण कोणते आणि किती हे कृषी अधिकाऱ्याकडूनच घ्या. घराच्या भिंतीला लागून असलेली वेल आहे, शेत नाही. भर वाढीत एखादा ओलांडा दोन दिवसांत वाळला, तर कापून आत काळपट पट्टा आहे का ते बघा आणि तो तुकडा घेऊन जा. खुंटावर नव्याने कलम करायचे असेल तर द्राक्षपट्ट्यातला सराईत कलमवाला लागतो, आंब्याचे कलम करणाऱ्याचा हात इथे चालेलच असे नाही. जुने, मनगटाहून जाड खोड गुडघ्यापर्यंत कापून वेल नव्याने घडवायची असेल तर एकदा जाणत्याला दाखवा. आणि मांडवावरून विजेची तार जात असेल तर आधी वीज खात्याला कळवा, कात्री नंतर.

पहिली पायरी तालुक्याचे विभागीय कृषी कार्यालय. त्यापुढे उत्तर गोव्यासाठी जुने गोवे येथील आणि दक्षिणेसाठी मडगावचे कृषी विज्ञान केंद्र. जुने गोवे येथे एला भागात केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे. तिथल्यांचा रोजचा विषय काजू, नारळ, भात असा, पण माती आणि कीड-रोगाबद्दल नेमके सांगतील.

दोन हंगाम तारखा आणि शेंडा दोन्ही सांभाळूनही दोऱ्यांच्या प्रयोगात एकाही रंगावर घड आला नाही, तर डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्या. द्राक्षपट्ट्यातल्या प्रयोगशाळा ती करतात, आणि पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. काड्या गोडी छाटणीच्या आठवडाभर आधी घ्यायच्या. मांडवाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच-सहा काड्या अगदी ओलांड्यापासून कापा, पाने काढा, बुडाच्या टोकाला दोरा बांधा म्हणजे डोळे कुठून मोजायचे ते कळेल. ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळा. सोबत कागदावर खरड छाटणीची तारीख आणि शेंडा कधी मारला ते लिहा. पाठवण्याआधी फोन करून किती काड्या लागतील ते विचारा.